सिझेरियन शस्त्रक्रियेनंतर जखमेची काळजी

सिझेरियन शस्त्रक्रियेनंतर जखमेची काळजी म्हणजे बाळाच्या जन्मासाठी पोटावर व गर्भाशयावर घेतलेला छेद पूर्णपणे भरून येईपर्यंत प्रसूत स्त्रीने, तिच्या कुटुंबीयांनी आणि आरोग्य कर्मचाऱ्यांनी घ्यावयाची दक्षता होय. जखम कोरडी व स्वच्छ ठेवणे, तिच्यावर ताण येऊ न देणे, वेदनेवर उपचार करणे, पुरेसा आहार घेणे आणि जंतुसंसर्गाची लक्षणे वेळेत ओळखणे या बाबींचा तीत समावेश होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ मधील अंदाजानुसार जगातील पाचांपैकी एकापेक्षा अधिक जन्म या शस्त्रक्रियेने होतात. भारतात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) हे प्रमाण २१.५ टक्के, तर महाराष्ट्रात सुमारे २५ टक्के आढळले. त्याच फेरीत देशातील खासगी रुग्णालयांतील प्रमाण ४७.४ टक्के आणि सरकारी रुग्णालयांतील प्रमाण १४.३ टक्के होते.

सिझेरियन ही पोटाची मोठी शस्त्रक्रिया आहे. इतर मोठ्या शस्त्रक्रियांनंतर रुग्णाला विश्रांती मिळते. येथे मात्र त्याच दिवसापासून नवजात बाळाला पाजणे, उचलणे व रात्री जागणे सुरू होते. त्यामुळे घरातील सर्वांचे लक्ष बाळाकडे आणि आईची जखम दुर्लक्षित, अशी स्थिती सहज निर्माण होते.

छेद आणि त्याखालील थर

बहुतेक सिझेरियन शस्त्रक्रियांत ओटीपोटाच्या खालच्या भागात, जांघेच्या केसांच्या रेषेजवळ आडवा छेद घेतात. त्याची लांबी सुमारे १० ते १५ सेंटिमीटर असते. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ हेर्मान फानेनश्टील यांनी १९०० मध्ये वर्णन केलेला छेद या प्रकारचा आहे. काही विशिष्ट परिस्थितींत बेंबीखाली उभा छेद घ्यावा लागतो. उभ्या छेदात वेदना अधिक असतात आणि पुढे त्या जागी हर्निया होण्याची शक्यताही तुलनेने जास्त असते.

बाहेरून दिसणारी रेषा हा जखमेचा केवळ वरचा भाग होय. तिच्याखाली चरबीचा थर, पोटाच्या स्नायूंवरील चिवट आवरण, स्वतः स्नायू, पर्युदर आणि सर्वांत आत गर्भाशयाची भिंत असते. यांपैकी स्नायू सहसा कापले जात नाहीत, ते मध्यरेषेतून बाजूला सारले जातात. पोटाला बळकटी देते ते स्नायूंवरील आवरण, म्हणून ते सावकाश विरघळणाऱ्या धाग्याने शिवतात. चरबीचा थर दोन सेंटिमीटरपेक्षा जाड असेल तर त्यालाही वेगळे टाके घालतात, कारण तसे न केल्यास पोकळीत पाणी साचून जखम उकलण्याचा संभव वाढतो.

गर्भाशयाला टाके घालण्याची पद्धत तुलनेने अलीकडची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत गर्भाशयावरील छेद बहुधा न शिवताच सोडला जाई आणि रक्तस्राव व जंतुसंसर्गाने बहुसंख्य माता दगावत. माक्स झेंगर या जर्मन वैद्याने १८८२ मध्ये गर्भाशय काळजीपूर्वक शिवण्याची पद्धत मांडली आणि तेव्हापासून ही शस्त्रक्रिया आईचा जीव राखून करता येऊ लागली.

जखम भरून येण्याची प्रक्रिया

त्वचेच्या कडा नीट जुळलेल्या असतील तर साधारणपणे २४ ते ४८ तासांत वरच्या पेशी एकमेकींना मिळून जखमेवर पातळ आवरण तयार होते. पहिले काही दिवस जखमेभोवती थोडी सूज, ऊब आणि ठणका असणे स्वाभाविक असते. त्यानंतरच्या आठवड्यांत नव्या रक्तवाहिन्या व कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू तयार होतात. पुढे अनेक महिने या तंतूंची फेररचना होत राहते आणि लालसर, किंचित उंच रेषा हळूहळू फिकट व सपाट होते.

वरून बंद दिसणारी जखम आतून मात्र कच्ची असते. पहिल्या आठवड्याअखेरीस तिची ताण सहन करण्याची शक्ती मूळ त्वचेच्या सुमारे एक दशांश एवढीच असते. तीन महिन्यांनी ती ७० ते ८० टक्क्यांपर्यंत पोहोचते, परंतु पूर्ववत कधीच होत नाही. टाके काढले म्हणजे जखम बरी झाली, हा समज म्हणूनच चुकीचा ठरतो. त्या दिवसापर्यंत जखम धाग्याने धरलेली असते, त्यानंतर ती स्वतःच्या अपुऱ्या बळावर उभी राहते.

रक्तक्षय, मधुमेह, स्थूलता, कळा दीर्घकाळ चालल्यानंतर तातडीने केलेली शस्त्रक्रिया, पाणमोट फुटून बराच वेळ गेलेला असणे या कारणांनी जखम भरण्यास विलंब लागतो किंवा संसर्गाचा धोका वाढतो. तंबाखूचाही असाच परिणाम होतो, कारण निकोटिनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. महाराष्ट्रात अनेक स्त्रिया दातांना मिश्री लावतात आणि तिला तंबाखूचे व्यसन मानत नाहीत. परंतु मिश्री ही भाजलेली तंबाखूच असून तिच्यातील निकोटिन हिरड्यांवाटे रक्तात मिसळते, तसेच दुधात उतरून बाळापर्यंतही पोहोचते.

रुग्णालयातील पहिले दिवस

संसर्ग टाळण्याचे काम शस्त्रक्रियेपूर्वीच सुरू होते. त्वचेवर छेद घेण्याआधी शिरेतून प्रतिजैविकाची मात्रा दिली जाते. जखमेवरील साधी पट्टी बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत काढतात. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत ती ६ ते २४ तासांनी काढण्यास सांगितले आहे. काही ठिकाणी पाणी आत न जाणारी पट्टी लावून ती अधिक दिवस ठेवतात. कोणती पट्टी लावली आहे व ती केव्हा काढायची, हे घरी जाण्यापूर्वी विचारून घेणे उपयुक्त असते.

टाक्यांचेही प्रकार आहेत. त्वचेच्या आतून घातलेला विरघळणारा धागा काढावा लागत नाही. न विरघळणारे टाके किंवा धातूच्या पिना आडव्या छेदात साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी काढतात. उभ्या छेदात किंवा स्थूल स्त्रियांत त्या अधिक दिवस ठेवाव्या लागतात. टाके ‘आतले’ आहेत की ‘काढायचे’ आहेत, हे रुग्णालयातून मिळणाऱ्या कागदावर लिहून घ्यावे. बाळंतपणासाठी माहेरी गेलेली स्त्री पुढील तपासणीसाठी अनेकदा दुसऱ्याच गावातील डॉक्टरांकडे जाते, त्यांना हा कागद फार मोलाचा ठरतो.

भुलीचा परिणाम ओसरल्यावर, शक्यतो पहिल्या चोवीस तासांतच, आधार घेऊन उभे राहण्यास व थोडे चालण्यास सांगितले जाते. बाळंतपणानंतर पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढलेला असतो आणि लवकर चालल्याने तो कमी होतो. चालल्याने टाके तुटत नाहीत. बिछान्यातून उठताना सरळ उठून बसू नये. आधी कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हातांच्या जोरावर उठावे. खोकताना, शिंकताना किंवा हसताना उशी अथवा घडी घातलेली चादर जखमेवर हलकेच दाबून धरल्यास वेदना बरीच कमी होते. घरी जाताना रस्त्यावरील खड्ड्यांतही तीच उशी कामी येते.

घरी आल्यावर स्वच्छता

जखमेला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुणे हा पहिला नियम होय. तो जखम पाहणाऱ्या सासू, आई, नणंद अशा सर्वांनाच लागू पडतो. पट्टी काढल्यानंतर रोज अंघोळ करण्यास हरकत नसते. पाणी अंगावरून वाहू द्यावे, सौम्य साबणाचा फेस जखमेवरून ओघळला तरी चालतो, मात्र जखम घासू नये. टबात किंवा नदी-तलावाच्या पाण्यात बसणे जखम पूर्ण भरेपर्यंत टाळावे. अंघोळीनंतर स्वच्छ, मऊ सुती कापडाने टिपून जखम कोरडी करावी. हे कापड वेगळे ठेवून रोज धुऊन उन्हात वाळवावे.

आडवा छेद अनेकदा पोटाच्या सैल पडलेल्या घडीखाली झाकला जातो. तेथे घाम साचतो, हवा लागत नाही आणि त्वचा ओलसर राहून पांढुरकी व मऊ पडते. कोकणात, गोव्यात आणि पावसाळ्यात सर्वत्रच हा त्रास अधिक होतो. दिवसातून दोन-तीनदा आडवे पडून पोटाची घडी हाताने वर उचलावी, जखम टिपून घ्यावी आणि काही मिनिटे तिला हवा लागू द्यावी. उभे राहून स्त्रीला स्वतःची जखम बहुधा दिसतच नाही. तिने हातातील आरसा वापरावा किंवा विश्वासातील व्यक्तीला रोज एकदा जखम पाहण्यास सांगावे. संकोचापोटी हे राहून जाते आणि मग कपड्यावर डाग पडल्यावरच संसर्ग लक्षात येतो.

कपडे सैल व सुती असावेत. अंतर्वस्त्राची पट्टी, परकराची किंवा सलवारीची नाडी नेमकी जखमेवर येणार नाही, अशा बेताने नेसावे. पहिले काही आठवडे गाऊन सोयीचा पडतो. योनिमार्गातून होणारा स्राव काही आठवडे चालू राहतो, त्यासाठी वापरलेले पॅड दर काही तासांनी बदलावे व ते जखमेपर्यंत वर सरकू देऊ नये.

डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज जखमेवर काहीही लावण्याची गरज नसते. स्वयंपाकघरातील हळद, खोबरेल तेल, तुरटीचे पाणी, अंगाला लावायची पावडर यांपैकी काहीही निर्जंतुक नसते. राख किंवा शेणाच्या राखेतून तर धनुर्वाताचे जंतूही जाऊ शकतात. हायड्रोजन पेरॉक्साइड व डेटॉलसारखी जंतुनाशके नव्याने वाढणाऱ्या पेशींनाच इजा करतात. पेठेत सहज मिळणारी प्रतिजैविक पावडर मनाने भुरभुरल्यास जखमेवर खपली धरते व खालचा पू झाकला जातो.

पारंपरिक बाळंतपण आणि सिझेरियनची जखम

महाराष्ट्रात बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती देण्याची रूढी आहे. सिझेरियननंतर शरीराला साधारण सहा आठवडे जपावे लागते. या काळात तिला घरकाम व जड वजनापासून दूर ठेवणारी ही पद्धत वैद्यकीय सल्ल्याशी बरीच जुळते. मात्र तिच्यातील काही प्रथा योनिमार्गे झालेल्या प्रसूतीसाठी घडल्या असून पोटावर ताजी जखम असताना त्या जशाच्या तशा पाळणे योग्य ठरत नाही.

मालीश करणाऱ्या बाईकडून हात, पाय, पाठ व डोक्याला तेल लावून घेण्यास हरकत नसते. पोटावर मात्र मालीश करू नये आणि तेल जखमेपर्यंत ओघळू देऊ नये. जखम भरल्यावर डॉक्टरांना विचारून पोटाचे मालीश सुरू करता येते. बाजेखाली शेगडी ठेवून शेक देण्याच्या व ओवा-शेपांची धुरी देण्याच्या प्रथेत जखमेभोवतीची त्वचा बधिर असल्यामुळे नकळत भाजण्याचा धोका असतो. बंद खोलीतील निखाऱ्यांमुळे कार्बन मोनॉक्साइड वायूही साचतो, जो आई व बाळ दोघांनाही घातक आहे. पोट बांधण्याबाबत एवढे सांगता येते की लवचीक पट्टा बेताचा आवळून बांधल्यास काही स्त्रियांना चालताना आधार वाटतो. घट्ट बांधलेले लुगडे जखमेवर घाम कोंडते, आणि त्याने पोट आत जाते याला आधार नाही.

आहाराविषयीच्या समजुती अधिक हानी करतात. भात, डाळ, बटाटा किंवा आंबट खाल्ल्याने ‘टाके पिकतात’ असे सर्वत्र सांगितले जाते. जखमेत पू होतो तो जिवाणूंमुळे. अन्नपदार्थांशी त्याचा संबंध नाही. उलट डाळी, कडधान्ये, दूध, अंडी, मासे बंद केल्याने नव्या ऊतकासाठी लागणारी प्रथिने कमी पडतात, तर आवळा, लिंबू, पेरू टाळल्याने कोलॅजेन तयार होण्यास आवश्यक असलेले क जीवनसत्त्व मिळत नाही. पाणी कमी प्यावे, नाहीतर पोट सुटते, ही समजूतही अशीच निराधार आहे. पाणी कमी पडले की मलावरोध होतो आणि कुंथताना सगळा जोर जखमेवर येतो. अळिवाची खीर, डिंकाचे व मेथीचे लाडू यांतून उष्मांक व काही पोषक द्रव्ये मिळतात. ते जेवणाच्या जोडीला खावेत, जेवणाच्या जागी नव्हे.

भारतात १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे पाचव्या सर्वेक्षणात दिसून आले. शस्त्रक्रियेतील रक्तस्रावाने त्यात भर पडते. सरकारी कार्यक्रमानुसार प्रसूतीनंतर १८० दिवस लोह व फॉलिक आम्लाची गोळी रोज घ्यावयाची असते. ती कॅल्शियमच्या गोळीसोबत किंवा चहाबरोबर घेतल्यास लोहाचे शोषण घटते.

वेदना, हालचाल आणि स्तनपान

वेदना सहन करणे हा बाळंतपणाचा भाग मानून औषध टाळण्याची प्रवृत्ती आढळते. वेदनेमुळे स्त्री हालचाल टाळते, दीर्घ श्वास घेत नाही आणि बाळाला नीट पाजू शकत नाही, म्हणून तिच्यावर उपचार आवश्यक असतो. पॅरासिटामॉल व आयबुप्रोफेन ही औषधे स्तनपान चालू असताना सर्वसाधारणपणे सुरक्षित मानली जातात. मूत्रपिंडाचा आजार, जठरव्रण किंवा उच्च रक्तदाब असल्यास आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. कोडीन असलेली औषधे स्तनदा मातेने टाळावीत, कारण काही स्त्रियांच्या शरीरात त्याचे मॉर्फिनमध्ये वेगाने रूपांतर होते व ते दुधावाटे बाळाला बाधू शकते. काही खोकल्याच्या औषधांतही कोडीन असते.

पाजताना बाळाचे पाय जखमेवर आपटतात. कुशीवर झोपून पाजणे, अथवा बाळ उशीवर ठेवून त्याचे पाय आईच्या काखेखालून मागे जातील असे धरणे, हे दोन्ही प्रकार पहिल्या आठवड्यांत सुखावह ठरतात.

सुमारे सहा आठवडे बाळाच्या वजनापेक्षा जड वस्तू उचलू नयेत. पाण्याने भरलेला हंडा व कळशी, ओल्या कपड्यांची बादली, गॅसचे सिलिंडर आणि कडेवर येऊ पाहणारे मोठे मूल ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. उकिडवे बसून भांडी घासणे किंवा फरशी पुसणेही टाळावे. घरात केवळ भारतीय पद्धतीचे शौचालय असेल तर त्यावर ठेवायची कमोडची खुर्ची काही आठवड्यांपुरती आणल्यास मोठा त्रास वाचतो. सपाट जागी चालणे मात्र रोज थोडे थोडे वाढवावे.

जंतुसंसर्ग

सिझेरियननंतर जखमेचा संसर्ग बहुधा चौथ्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास डोके वर काढतो, म्हणजे पुष्कळदा स्त्री घरी परतल्यानंतर. तो महिनाभरात केव्हाही दिसू शकतो. दुखणे दिवसेंदिवस कमी होण्याऐवजी वाढू लागणे हे त्याचे सर्वांत पहिले व विश्वसनीय लक्षण होय. पाठोपाठ जखमेभोवती लाली पसरते, त्वचा गरम व टणक होते, पू किंवा दुर्गंधीयुक्त पाणी येते आणि १००.४ अंश फॅरनहाइट (३८ अंश सेल्सियस) किंवा त्याहून अधिक ताप चढतो. सावळ्या त्वचेवर लाली स्पष्ट दिसत नाही. अशा वेळी हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करून ऊब व कडकपणा तपासणे अधिक भरवशाचे ठरते. पहिल्या दिवसांत जखमेतून थोडे फिकट, पाण्यासारखे द्रव येणे चिंताजनक नसते. ते वाढत गेले, गढूळ झाले किंवा त्याला वास येऊ लागला तर तपासणी आवश्यक असते.

संसर्ग झाल्यास पू वाहून जाण्यासाठी काही टाके मोकळे करावे लागतात, रोज मलमपट्टी करावी लागते आणि प्रतिजैविके द्यावी लागतात. मोकळी ठेवलेली जखम तळापासून हळूहळू भरत येते. तिला काही आठवडे लागतात, पण ती भरते. या काळात स्तनपान थांबविण्याचे सहसा कारण नसते. बाळाला पाजत असल्याचे डॉक्टरांना सांगितल्यास ते त्यानुसार औषध निवडतात. औषध दुकानातून चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक घेऊन दोन-तीन दिवस वाट पाहणे ही नेहमीची व महागात पडणारी चूक आहे. त्याने ताप दबतो, आतील पू तसाच राहतो.

फार क्वचित, परंतु जिवावर बेतणारा एक प्रकार आहे. त्यात जखमेचे बाह्यरूप साधारण असूनही असह्य वेदना होतात, त्वचा काही तासांत निळसर-काळी पडू लागते, फोड येतात व स्त्री झपाट्याने खंगते. त्वचेखालील ऊतक कुजण्याच्या या संसर्गात तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते.

जखमेची कडा थोडी उकलली तर स्वच्छ कापड ठेवून त्याच दिवशी दाखवावे. अचानक पुष्कळ गुलाबी पाणी वाहू लागले व आत काहीतरी सुटल्यासारखे वाटले, तर आतील आवरणाचे टाके सुटलेले असू शकतात. त्या वेळी आडवे पडून, स्वच्छ ओल्या कापडाने पोट झाकून, काहीही न खाता-पिता रुग्णालय गाठावे.

जखमेशी थेट संबंध नसलेल्या, पण याच काळात उद्भवणाऱ्या काही खुणांनाही तितकीच तत्परता लागते. तासाभरात पॅड पूर्ण भिजेल इतका रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त स्राव व ओटीपोटात दुखून ताप, एका पोटरीत सूज व वेदना, धाप लागणे किंवा छातीत कळ, तीव्र डोकेदुखी व डोळ्यांपुढे अंधारी, आकडी, या त्या खुणा होत. महाराष्ट्रात १०८ व १०२ या क्रमांकांवर विनामूल्य रुग्णवाहिका मागविता येते.

सार्वजनिक आरोग्यसेवेतील तरतुदी

जून २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयांत सिझेरियन शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या व घरी परतण्याची वाहनव्यवस्था विनामूल्य असून शस्त्रक्रिया झालेल्या मातेला सात दिवसांपर्यंत मोफत आहार मिळतो. आशा स्वयंसेविका प्रसूतीनंतर ४२ दिवसांपर्यंत ठरावीक दिवशी घरी भेट देतात. सिझेरियन झालेल्या मातेच्या बाबतीत या भेटी साधारणपणे सातव्या दिवसापासून सुरू होतात. या भेटींचा मुख्य हेतू नवजात बाळाची तपासणी हा आहे, तथापि जखम दाखविण्याची ती घरबसल्या मिळणारी संधी असते.

व्रण आणि पुढील गर्भारपण

छेदाच्या वरच्या भागात बधिरपणा, मुंग्या येणे किंवा खाज सुटणे हे छेदात त्वचेच्या सूक्ष्म नसा कापल्या गेल्यामुळे होते. ते महिनोन्‌महिने टिकू शकते व काही स्त्रियांत थोडा बधिरपणा कायम राहतो. काहींच्या जखमेचा व्रण जाड होतो. तो मूळ रेषेच्या मर्यादेत राहिला तर कालांतराने सपाट होण्याची शक्यता असते. रेषेबाहेर पसरत गेला तर त्याला केलॉइड म्हणतात. तो आपोआप जात नाही. सिलिकॉनच्या पट्ट्या किंवा स्टेरॉइडची इंजेक्शने यांचा त्यावर उपयोग केला जातो. दर पाळीच्या वेळी व्रणात गाठ येऊन दुखत असेल तर गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी व्रणात रुजल्याची शक्यता असते व त्यासाठी तपासणी करावी लागते.

गर्भाशयावरील व्रण डोळ्यांना दिसत नाही, पण पुढील गर्भारपणात तोच महत्त्वाचा ठरतो. दोन प्रसूतींमधील अंतर फार कमी असल्यास कळांच्या वेळी तो उसवण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटना कोणत्याही प्रसूतीनंतर पुढील गर्भधारणेपूर्वी किमान २४ महिन्यांचे अंतर सुचविते. पाळी सुरू होण्यापूर्वीही गर्भधारणा होऊ शकते, म्हणून सहाव्या आठवड्याच्या तपासणीत जखमेबरोबर गर्भनिरोधनाचीही चर्चा व्हावयास हवी. गर्भाशयाच्या खालच्या भागावर एकच आडवा छेद असेल तर पुढील प्रसूती योनिमार्गे होऊ शकते. अशा प्रयत्नात व्रण उसवण्याचे प्रमाण साधारणतः २०० मध्ये १ असते. तो निर्णय पहिला छेद गर्भाशयावर कसा घेतला होता यावर अवलंबून असतो आणि त्वचेवरील रेषेवरून ते ओळखता येत नाही. शस्त्रक्रियेचा तपशील असलेला रुग्णालयाचा कागद त्यासाठी जपून ठेवावा लागतो.